नेट गेलं म्हणून वाचलं

मास्तरांना फ्लेक्स करायचा होता. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं. शिरूरला एसटी स्टँडच्या आसपास ज्याचा फ्लेक्स लागत नाही त्याचा वाढदिवस झाल्याचं लोक धरतच नाहीत, आणि मास्तरांच्या एका माजी विद्यार्थ्याने पन्नाशी गाठली होती. फ्लेक्सवाला छपाईचे वेगळे आणि डिझाइनचे वेगळे पैसे सांगत होता. निवृत्त झाल्यापासून मास्तर डिझाइन आणि सॉफ्टवेअर या दोन गोष्टींना पैसे देत नाहीत. त्यांच्या मते दोन्ही डोळ्यांना दिसतात, पण हाताला लागत नाहीत.

फोटोशॉपला दर महिन्याची वर्गणी पडते हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून रात्री त्यांनी 'फुल व्हर्जन फ्री, क्रॅकसह' असा शोध घेतला. हवं ते पहिल्याच पानावर मिळालं. सूचना इतक्या नीट मांडलेल्या होत्या की मास्तरांमधल्या शिक्षकाला बरं वाटलं. सूचना क्रमांक १: अँटीव्हायरस बंद करा. ज्या माणसाने उभ्या नोकरीत एका पोराला चिठ्ठीशिवाय वर्गाबाहेर सोडलं नाही, त्याने एका अनोळखी पानाच्या सांगण्यावरून विंडोजचा डिफेंडर बंद केला. मध्यरात्र होत आली होती, म्हणून क्रॅकवर टिचकी मारायचं काम दुसऱ्या दिवसावर ढकललं. सकाळी कोपऱ्यावर खोदकाम करणाऱ्या मशीनने ब्रॉडबँडची केबल तोडली. मास्तर चिडले, पण फाईल तर कालच उतरवून ठेवलेली होती. दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी ती चालवली. पडद्यावर विंडोज अपडेटची खिडकी आली. नेट नसताना अपडेट कुठून येतंय, हा प्रश्न पडायला ती वेळ बरोबर नव्हती. मास्तर लवंडले.

उठून पाहतात तो प्रत्येक फाईलच्या नावाला चार अक्षरांचं अनोळखी शेपूट लागलेलं. पेन्शनचे कागद, सातबाऱ्याचे उतारे, नातीच्या बारशाचे फोटो, शिरूरच्या ब्रिटिशकालीन छावणीवर ते कैक वर्षं लिहीत असलेलं पुस्तक, काही म्हणून उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये मात्र एक साधी मजकुराची फाईल नव्याने आली होती आणि ती विनातक्रार उघडत होती. तिच्यात आधी धीर दिला होता: काळजी करू नका, सगळ्या फाइली परत मिळतील. मग दर: ९८० डॉलर. ७२ तासांत संपर्क साधल्यास निम्मे, म्हणजे ४९०. खात्री पटावी म्हणून एक फाईल फुकट सोडवून दाखवण्याची तयारी.

मास्तरांच्या पत्नीने, म्हणजे मामींनी, रुपयांचा हिशेब विचारला. सवलतीच्या दरानेही ४० हजारांच्या वर जात होता. "आषाढात साडीवर सुद्धा ५० टक्के देत नाहीत," त्या म्हणाल्या. मास्तरांनी मात्र चिठ्ठीतल्या इंग्रजीत व्याकरणाची चूक काढली आणि अशा माणसाला आपण एक रुपयाही देणार नाही असं जाहीर केलं. कारण विचित्र होतं, निर्णय बरोबर होता. पैसे दिल्यावर किल्ली येईलच याची हमी कुणी देत नाही, आणि एकदा देणारा माणूस पुन्हा देईल हे मागणाऱ्यालाही कळतं.

रॅन्समवेअरचा चोर घरातलं काही नेत नाही. तुमच्याच कपाटाला स्वतःचं कुलूप घालतो आणि किल्लीची किंमत कळवतो. ही युक्ती जुनी आहे. १९८९ साली जोसेफ पॉप नावाच्या जीवशास्त्रज्ञाने एड्सची माहिती देणाऱ्या म्हणून हजारो फ्लॉप्या टपालाने जगभर पाठवल्या. संगणक ठरावीक वेळा सुरू केला की फाइलींची नावं बिघडायची आणि पनामातल्या एका पोस्ट बॉक्सवर १८९ डॉलर पाठवण्याचा हुकूम छापून यायचा. त्या काळी खंडणीखोरालाही पोस्टमनची वाट बघावी लागे.

मास्तरांचा भाचा दौंडला असतो. रेल्वे स्टेशनच्या बाजूला त्याचं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. फोन उचलल्याबरोबर तो म्हणाला, "मामा, आधी नेटची वायर काढा."

"नेट सकाळपासूनच नाही."

"काय सांगता! क्रॅक चालवलात तेव्हाही नव्हतं?"

"नव्हतं म्हणून तर झोपलो ना."

भाचा एकदम खूश झाला. दुःखाच्या प्रसंगी हा का हसतोय हे मास्तरांना कळेना. त्याने सांगितलं: पेनड्राइव्ह लावलेला असेल तर काढा, चिठ्ठी पुसू नका, फॉरमॅट तर मुळीच मारू नका, पडद्याचा फोटो काढून मला पाठवा. मास्तरांनी खबरदारी म्हणून टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सचीही पिन काढली. त्यामुळे मामींची मालिका बुडाली आणि घरात त्या दिवशी दोन तक्रारदार झाले.

भाच्याच्या हसण्याचं कारण चिठ्ठीच्या तळाशी होतं. या जातीच्या रॅन्समवेअरला 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' म्हणतात. मोठ्या कंपन्यांच्या मागे न लागता हे घरगुती संगणकावर पोट भरतं, आणि फिरतं ते बहुतेक क्रॅकमधूनच. काम सुरू करताना ते आपल्या मालकाच्या सर्व्हरला विचारून प्रत्येक बळीसाठी नवी किल्ली मागवतं. सर्व्हर लागला नाही तर बरोबर आणलेली एकच ठरलेली किल्ली वापरतं, आणि ती त्या वाणाच्या सगळ्या नेट नसलेल्या बळींना सारखीच असते. चिठ्ठीत शेवटी अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळख दिलेली असते. तिचा शेवट 't' आणि १ असा झाला की समजायचं, कुलूप सामायिक किल्लीचं आहे. भाच्याने ती ओळ फोटोत मोठी करून तीनदा वाचली. शेवटी टी होता, पुढे १ होता. केबल तोडणाऱ्या त्या मशीनवाल्याचा सत्कार करायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाचा पाटस, चौफुला, न्हावरा करत शिरूरला आला. रात्री केबल जोडली गेली होती, म्हणून त्याने पहिल्यांदा संगणकापर्यंत नेट पोचू दिलं नाही. मग सेफ मोडमध्ये तपासणी, मग डिफेंडरची ऑफलाइन तपासणी, ज्यात विंडोज उठण्याआधीच झाडाझडती होते. मास्तरांना आधी फाइली हव्या होत्या. भाच्याने ऐकलं नाही, कारण रोग जिवंत ठेवून सोडवलेल्या फाइली पुन्हा बंद होतात. टास्क शेड्युलरमध्ये त्याला एक काम लावून ठेवलेलं सापडलं, ते थोड्या थोड्या मिनिटांनी त्याच प्रोग्रॅमला उठवत होतं. होस्ट्स नावाच्या फाईलमध्ये अँटीव्हायरस कंपन्यांच्या आणि मदत करणाऱ्या संकेतस्थळांच्या पत्त्यांची रांग होती, सगळे पत्ते बंद करून ठेवलेले. म्हणजे औषधाच्या दुकानापर्यंतचे रस्तेही आधीच अडवलेले. विंडोज गुपचूप जुन्या प्रती ठेवते, त्याही पुसून टाकल्या होत्या. या जातीबरोबर पासवर्ड चोरणारा जोडीदारही बऱ्याचदा येतो, म्हणून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड मामींच्या फोनवरून बदलले. मास्तरांचा पासवर्ड त्यांची जन्मतारीख निघाला. भाच्याने तो मोठ्याने वाचला नाही, एवढा मान राखला.

डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ च्या जुलैत 'नो मोअर रॅन्सम' नावाचा उपक्रम सुरू केला. तिथे कुलूपबंद फाईल आणि चिठ्ठी दिली की जात ओळखून मिळते आणि मोफत सोडवणूक असेल तर तिचा पत्ताही. 'स्टॉप'साठी एम्सिसॉफ्ट या कंपनीने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये असं साधन काढलं. तेव्हाच्या १४८ वाणांवर ते चालत होतं. नंतरच्या वाणांसाठी ती सामायिक किल्ली कुणीतरी मिळवून दिली असेल तरच काम होतं. मास्तरांच्या वाणाची मिळालेली नव्हती. भाच्याने सगळ्या बंद फाइली चिठ्ठीसकट एका डिस्कवर काढून ठेवल्या आणि विंडोज नव्याने टाकली. व्हिडिओंचं नशीब जरा बरं होतं: हे रॅन्समवेअर घाईत असतं, प्रत्येक फाईलचे पहिले १५० किलोबाइटच बिघडवतं. बारशाचा व्हिडिओ त्यामुळे दुरुस्त झाला. सुरुवातीचं एका पाहुण्यांचं आगमन गेलं, पाळणा जागच्या जागी राहिला. मामी म्हणाल्या, संपादन चांगलं झालंय.

पुस्तक आणि कागद यायला वेळ लागला. भाचा मधूनमधून तेच साधन चालवून बघायचा. दिवाळीनंतर एका रात्री ते 'किल्ली सापडली' म्हणालं आणि छावणीचा इतिहास प्रकरणामागून प्रकरण उघडत गेला. पोलिसांत जायला मास्तर लाजत होते, कारण सुरुवात क्रॅकने करावी लागणार. भाच्याने राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर त्यांच्याकडून तक्रार भरून घेतली. पैसे गेले असते तर त्याच दिवशी १९३० ला फोन करायचा असतो, हेही त्याने भिंतीवर लिहून लावलं.

या दुखण्याने शिरूर-दौंडला आधीही गाठलं होतं, फक्त मोठ्या दारातून. २१ मार्च २०२१ च्या रविवारी पहाटे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सर्व्हरवर 'सिनॅक' रॅन्समवेअर आलं. मुंबईचं मुख्यालय आणि १६ प्रादेशिक कार्यालयांचं ऑनलाइन काम थांबलं. शिरूर तालुक्यातली रांजणगावची आणि दौंड तालुक्यातली कुरकुंभची वसाहत याच महामंडळाची. ५०० कोटी मागितल्याच्या बातम्या आल्या, तर चिठ्ठीत थेट रक्कम नाही, असं महामंडळाने सांगितलं. त्याच निवेदनात जास्त कामाची ओळ होती: बॅकअपच्या फाइली वेगळ्या नेटवर्कवर होत्या आणि त्यांना बाधा झालेली नव्हती.

भाच्याची आवडती गोष्ट मात्र न्हावा-शेवाची आहे. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या'ने मर्स्क या जहाज कंपनीला आडवं केलं आणि तिच्याशी संबंधित कंपनी चालवत असलेलं तिथल्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनलही बसलं. कुठल्या संगणकावर कुणाला प्रवेश, याची नोंदवही सांभाळणारे मर्स्कचे जगभरचे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले होते, म्हणून एकदमच गेले. शिल्लक राहिला घानातला एक. हल्ला झाला तेव्हा तिथली वीज गेलेली होती. ती प्रत हातोहात विमानाने इंग्लंडला नेऊन कंपनी पुन्हा उभी केली गेली. ही हकिकत ऐकल्यापासून लाइट गेली की मास्तर पूर्वीसारखं बोलत नाहीत, नुसते घड्याळ बघतात.

नव्या व्यवस्थेत मास्तरांनी बरंच मान्य केलं. रोजच्या वापराला साधं खातं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड भाच्याकडे. अपडेट पुढे ढकलायचं बटण विसरायचं. 'वॉनाक्राय' २०१७ च्या मे महिन्यात १५० देशांत पसरलं, पण त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता, हे भाच्याने दोनदा ऐकवलं. फाइलींची शेपटं दिसतील अशी सोय केली, म्हणजे 'बिल.पीडीएफ'च्या मागे लपलेलं 'ईएक्सई' उघडं पडतं. ठरलेल्या फोल्डरना अनोळखी प्रोग्रॅमने हात लावू नये, ही विंडोजमधलीच सोय सुरू केली. फ्लेक्ससाठी गिम्प आणून दिलं, ते रीतसर फुकट आहे. फुकट आणि रीतसर एकत्र असू शकतं यावर मास्तरांचा अजून पूर्ण विश्वास नाही.

मतभेद झाला तो बॅकअपवर. मास्तर म्हणाले, डिस्क घेतो आणि कायमची लावून ठेवतो. भाचा म्हणाला, लावून ठेवलीत तर तीही त्याच दुपारी जाईल. जाणकारांचा हिशेब असा: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. दुसरं ठिकाण म्हणजे दौंडला धाकट्या बहिणीचं लोखंडी कपाट. 'अ' आणि 'ब' अशा दोन डिस्क आहेत. एक शिरूरला कपाटात, भरण्यापुरतीच बाहेर येते. दुसरी दौंडला. महिन्यातून एकदा भाच्याच्या पिशवीतून अदलाबदल होते आणि बहीण कालनिर्णयवर तारखेखाली नोंद करते.

डिस्क पोचली की भाचा तिच्यातल्या चार-पाच फाइली उघडून बघतो, कारण न उघडणारा बॅकअप संकटाच्या दिवशीच कळलेला परवडत नाही. गेल्या खेपेला त्याने सहज उघडलेली फाईल आजोबांच्या वाटणीपत्राची निघाली. आईला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने ती वाचली. बांधावरची दोन आंब्याची झाडं बहिणीच्या नावाची होती. 'ब' डिस्क आता दौंडलाच अडकली आहे, आणि ती सोडवून घ्यायला मे महिन्यात आंब्याच्या दोन पेट्या मागितल्या आहेत. मास्तरांनी घासाघीस करून एकीवर आणायचा प्रयत्न केला. बहिणीने ७२ तासांची मुदत दिली.