खातं तोंड, खवखवतो गुडघा

पन्नाशी उलटली की मराठी माणूस जमिनीवरून उठताना एक छोटंसं स्तोत्र म्हणतो. 'अगं आई गं'नं सुरुवात, मध्ये गुडघ्याची 'कट्'कन साथ आणि सोफ्याचा हात धरून समाप्ती. पंगतीतले पाट जाऊन खुर्च्या आल्या त्याचं श्रेय आपण उगाच सुधारणेला देतो. मला तरी त्यात गुडघ्यांचाच हात दिसतो.

गुडघा धरला म्हणताच सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी निर्गुंडीचं तेल सुचवतं, कुणी पट्टा, कुणी डिंकाचे लाडू. (तेही भरपूर तूप घालून!) 'वंगण संपलंय' हे निदान तर जिन्यात भेटलेला शेजारीही करतो. पोटाकडे बघून वजनाचं नाव मात्र कुणी काढत नाही. आपल्याकडे ते सभ्यपणात बसत नाही.

अमेरिकेतल्या स्टीफन मेसियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघे झिजलेल्या वजनदार मंडळींना चालायला लावून मोजमाप केलं आणि २००५ साली निष्कर्ष मांडला: एक किलो वजन उतरलं, की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. हे वाचल्यापासून बासुंदीची दुसरी वाटी मला चौपट जड वाटते. घेतो, पण जड वाटते.

वंगणाची गोष्टही जरा वेगळीच निघाली. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण बहुतांशी सांध्यातल्या द्रवातून होतं आणि तो आत-बाहेर खेळता राहायला पाय हलावा लागतो. दुखतंय म्हणून आपण बसून राहतो, बसून पाय आखडतो, आखडला की आणखी दुखतो.

फिजिओथेरपीला गेलो तेव्हा मोठाली यंत्रं असतील अशी माझी समजूत होती. त्या मुलीनं टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली सारली. "काका, गुडघ्यानं खाली दाबा. पाच मोजा. सोडा." हा काय व्यायाम, म्हणून मी दाबलं, तर मांडी लटलट कापायला लागली.

"एक, दोन, पाच."

"तीन-चार कुठे गेले, काका?"

मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की चालताना बसणारे धक्के तो झेलतो, हे तिनं नंतर सांगितलं. तोवर माझी सगळी अक्कल 'तीन'वरच अडकली होती.

आता पर्वती चढतो. पायऱ्या १०३. चढताना दम लागतो म्हणून सगळे चढणीला नावं ठेवतात, पण गुडघ्याची खरी तक्रार उतरणीबद्दल असते. म्हणून उतरताना कठडा धरतो, लाज सोडून. तासभर चालून जेमतेम दोन-अडीचशे कॅलरी जातात. खाली मिसळीच्या एका थाळीत त्या तर्रीसकट परत मिळतात, वर व्याजही. यावर मित्रमंडळात गंभीर चर्चा होऊन पाव एकच घ्यायचा असं ठरलंय. तर्रीचा विषय अजून कुणी काढलेला नाही.