चार कोटींची ट्रंक

भातसानगरच्या धरण वसाहतीतलं एखादं घर धरून चाला. आजोबा पाटबंधारे खात्यात, सगळी नोकरी धरणावर. मागे ठेवलं काय, तर एक पत्र्याची ट्रंक आणि तीत टपाल तिकिटं चिकटवलेल्या तीन फुगलेल्या वह्या. बाराव्यापर्यंत ती ट्रंक माळ्यावर धूळ खात होती. तेराव्याला, पानं उचलली जात असताना, दाजींनी मोबाइल काढून एक बातमी मोठ्याने वाचली. संध्याकाळी ट्रंकेला कुलूप लागलं. किल्ली थोरल्याकडे, पण नजर सगळ्यांची.

बातमी खोटी नव्हती. 2017 साली लंडनच्या स्टॅन्ली गिबन्स या नामांकित पेढीने गांधीजींच्या चार तिकिटांची एक पट्टी पाच लाख पौंडांना विकली. म्हणजे रुपयांत चार कोटींच्या वर. तिकिटं 1948 ची. आजोबांच्या दुसऱ्या वहीतही 1948 चे गांधीजी होतेच! विकले गेलेले गांधीजी 10 रुपयांचे आणि घरातले दीड आण्याचे, हा फरक धाकट्या सुनेच्या लक्षात आला होता. पण भरल्या घरात असं अशुभ कोण बोलणार?

त्या तिकिटांची गोष्ट मोठी गमतीची आहे. स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, 15 ऑगस्ट 1948 रोजी, गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, 12 आणे आणि 10 रुपये. वर हिंदीत आणि उर्दूत ‘बापू’. आणि छापली कुठे? स्वित्झर्लंडमध्ये, कूर्व्हाझिए नावाच्या छापखान्यात. परदेशी कापडाची होळी पेटवणारा माणूस परदेशी शाईत छापून आला. नाशिकला सरकारी छापखाना विसाच्या दशकापासून होता, पण ज्या पद्धतीने ती तिकिटं छापली ती फोटोग्रॅव्ह्युअरची सोय तिथे तेव्हा नव्हती. नाशिकने त्या पद्धतीने तिकिटं काढायला सुरुवात केली ती 1952 साली, संत-कवींच्या मालिकेपासून.

बरं, चार कोटी या साध्या 10 रुपयांच्या तिकिटांनाही मिळाले नाहीत. गव्हर्नर-जनरलच्या कचेरीसाठी म्हणून फक्त 100 तिकिटांवर ‘सर्व्हिस’ असा शिक्का छापला होता. विकली गेलेली पट्टी त्या शंभरातली. पैसे त्या एका शब्दाचे होते, आणि तो शब्द आपल्या वहीत नाही.

एवढी चौकशी घरात कोण करतो? त्याऐवजी शोधाशोध झाली ती चुकांची. मामांनी कुठेतरी ऐकलं होतं की उलटं छापलेलं तिकीट अमोल असतं. तेही खोटं नाही. 1854 साली कलकत्त्यात छापलेल्या चार आण्यांच्या तिकिटात चौकट लाल आणि व्हिक्टोरिया राणीचं डोकं निळं, दोन वेळा छापायचं काम. त्या गडबडीत काही कागद फिरले आणि राणी शीर्षासनात गेली. तशी मोजकीच तिकिटं उरली आहेत आणि जगभरचे संग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात. मामांना आजोबांच्या वहीत तब्बल सहा उलटी तिकिटं सापडली. घरात पेढे यायचे बाकी होते. मग नातीने वही फिरवून पाहिली. आजोबांनी ती तिकिटं उलटी चिकटवली होती.

शेवटी ट्रंक निघाली मुंबईला. भातसाचं पाणीही तिकडेच जातं. मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा या एका धरणाचा, आणि शहापूरचे पाडे उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत. तेव्हा आपल्याकडच्या वस्तूचं मोल मुंबईत ठरतं, याची तालुक्याला सवय आहे. आसनगावहून लोकल पकडून मंडळी सीएसएमटीला उतरली आणि आधी शेजारच्या जीपीओत शिरली. विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर बांधलेली ती 1913 ची इमारत पाहून दाजींचा अंदाज आणखी काही लाखांनी वाढला. तिथे संग्राहकांसाठी वेगळा विभाग आहे. तो तिकिटं विकतो. विकलेली परत घेत नाही.

यातली मेख खात्यालाच ठाऊक. टपाल तिकीट म्हणजे पत्र पोचवण्याचं आगाऊ भाडं. ते वहीत चिकटवून ठेवणारा माणूस भाडं भरतो आणि गाडीत बसतच नाही. असे प्रवासी कोणाला नको असतील? म्हणून तर 2006 साली चंदनाच्या वासाचं तिकीट निघालं, पुढच्या वर्षी गुलाबाच्या वासाचं, 2011 साली चक्क खादीवर छापलेलं 100 रुपयांचं. लोकांनी ती जपून ठेवली. सगळ्यांनीच जपून ठेवली, आणि तिथेच घोडं पेंड खातं. जे प्रत्येकाने जपलं ते दुर्मीळ कसं होणार?

मग फोर्टातला एक जुना व्यापारी. आजोबा आयुष्यभर तिकिटाचं तोंड पाहत आले; व्यापाऱ्याने चिमट्याने तिकीट उचललं आणि पाठ पाहिली. पाठीवर मूळ गोंद हवा, इथे होती घरी शिजवलेली खळ. शहापूरच्या पावसाळ्यांनी तिच्यावर तपकिरी ठिपके उठवलेले. कडेचे दाते वेडेवाकडे दिसतात म्हणून आजोबांनी कात्रीने सरळ कापून टाकले होते, नीटनेटकेपणाची आवड! पहिल्या पानावर मानाने बसवलेलं भाक्रा धरणाचं 5 रुपयांचं तिकीट (धरणावरचा माणूस, दुसरं काय लावणार?) खळीने इतकं घट्ट बसलं होतं की ते काढायचं तर भाक्रा फुटायचं.

धोंडो केशव कर्व्यांचं तिकीट मात्र सुरेख होतं. 18 एप्रिल 1958 रोजी अण्णांनी शंभरी गाठली त्या दिवशी निघालेलं. हयात असताना तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. व्यापारी म्हणाला, “छान आहे. माझ्याकडे याचा गठ्ठा पडलाय.”

दाजींनी हुकमाचं पान काढलं, मोबाइलवरचा कॅटलॉग. त्यातल्या सर्वांत कमी दराला नऊशे तिकिटांनी गुणून त्यांनी रेल्वेतच आकडा काढला होता. गुणाकार बरोबर होता. फक्त स्टॅन्ली गिबन्सच्या कॅटलॉगमध्येच स्पष्ट सांगितलेलं असतं की सर्वांत खालचा दर हा तिकिटाचा नसून हाताळणीचा असतो, म्हणजे ते शोधून, पुडीत घालून गिऱ्हाइकाला देणाऱ्याच्या मेहनतीचा. आजोबांच्या वह्यांत बहुतेक तिकिटं त्याच रांगेतली. जुनं म्हणजे महाग, ही समजूतही अशीच. जगातलं पहिलं तिकीट, 1840 चं पेनी ब्लॅक, जवळपास 6 कोटी 80 लाख छापलं होतं. आजही बाजारात सहज मिळतं. आणि जगात एकच प्रत असलेलं, कोपरे कापलेलं, दिसायला अगदीच कळकट असं ब्रिटिश गयानाचं एक सेंटचं तिकीट 2014 साली सुमारे 95 लाख डॉलरला गेलं, तेच 2021 साली 83 लाखांना विकलं गेलं. तिकिटांच्या राजालाही मंदी चुकली नाही, तर दीड आण्याच्या बापूंचं काय घेऊन बसलात?

व्यापाऱ्याने तिन्ही वह्यांचा मिळून जो आकडा सांगितला त्यात येण्याजाण्याचं भाडं आणि सगळ्यांचा वडापाव निघाला असता. टपाल खातं ‘दीनदयाळ स्पर्श’ योजनेत सहावी ते नववीच्या निवडक मुलांना तिकिटांच्या छंदासाठी वर्षाला 6000 रुपये शिष्यवृत्ती देतं. नातीने अर्ज भरला तर आजोबांच्या साऱ्या इस्टेटीपेक्षा तिची कमाई जास्त व्हायची.

जाता जाता व्यापाऱ्याने विचारलं, “पाकिटं कुठे आहेत?” कसली पाकिटं? ज्या पाकिटांवरून ही तिकिटं सोडवली ती. खेड्यातल्या छोट्या टपाल कचेऱ्यांचे स्पष्ट शिक्के, तारखा, धरणाच्या कामावरून गावी गेलेली पत्रं. हल्लीचे संग्राहक पाकिटासकट हे सगळं मागतात. मुंबईच्या जाल कूपर यांनी तर जुन्या शिक्क्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. थोरला गप्प. पाकिटं त्याने बाराव्याच्या दिवशी पाण्याच्या बंबात घातली होती.

घरी परतल्यावर दाजी हरले नाहीत. त्यांना आता फोन आला आहे: जुनी तिकिटं आणि ट्रॅक्टरवाली 5 रुपयांची नोट लाखांत घेतो, आधी फक्त नोंदणी शुल्क भरा. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने असं शुल्क, कमिशन नाहीतर कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं होतं; आपण असे व्यवहार करत नाही आणि तशी परवानगी कोणाला दिलेलीही नाही, हेही सांगितलं होतं. दाजींचं म्हणणं, ते नोटांबद्दल आहे, तिकिटांबद्दल कुठे काय म्हटलंय?

तेव्हा शहापूर-मुरबाडच्या वाचकांना एवढीच विनंती: माळ्यावर ट्रंक सापडली तर पैसे मागणाऱ्या फोनला उत्तर देऊ नका, तिकिटांना कात्री आणि खळ लावू नका, आणि जुनी पाकिटं बंबात घालण्याआधी त्यांच्यावरचा शिक्का एकदा उजेडात धरून वाचा.