बघायचे पैसे?

जुलै लागला की हॉलच्या भिंतीवर नकाशे उमटायला लागतात. आधी रंग फुगतो, मग पोपडे सुटतात, मग काळे ठिपके. यावर आपल्याकडचा पहिला उपाय ठरलेला: तिथे कपाट सरकवायचं. कपाटामागे हवा खेळत नाही, बुरशीचं फावतं, आणि दिवाळीच्या आवराआवरीत पैठणीची घडी उलगडली की घरभर कुबट वास. मग पेंटर येतो. घासतो, पुट्टी भरतो, महागातला डॅम्पप्रूफ रंग मारतो. पुढच्या जुलैत डाग वीतभर डावीकडे.

पेंटरला दरवर्षी पैसे मोजणारा हा माणूस, इंजिनिअरने भिंत तपासायची फी सांगितली की उडतोच. ‘नुसतं बघायचे पैसे?’ वास्तुवाले होकायंत्र घेऊन आले की मात्र पाकीट तयार. त्यांना ईशान्येत दोष सापडतो. नाहणीच्या ट्रॅपभोवतीचं सिमेंट सुटलंय, हे होकायंत्रात दिसत नाही.

तपासणं तसं अवघड नाही. वरच्यांच्या नाहणीत रंगीत पाणी सोडायचं आणि खाली डागाचा रंग बदलतो का बघायचं. अवघड आहेत ते वरचे. ‘आमच्याकडे अगदी कोरडं आहे हो,’ दार अर्धं उघडून सांगतात. असणारच, पाणी आमच्याकडे आलंय! गच्ची गळली तर खर्च सोसायटीचा, बाथरूम गळलं तर सभासदाचा. त्यामुळे कमिटीला न बघताच प्रत्येक गळती बाथरूमची वाटते.

ओल सळईपर्यंत पोचली की सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट सुटून खाली येतं. म्हणूनच सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतींचं दर 5 वर्षांनी, त्याहून जुन्यांचं दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय. वार्षिक सभेत हा विषय निघेपर्यंत पार्किंगवरून भांडून अर्धे लोक घरी गेलेले असतात. ओल आणि दम्याचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्येच मांडला; आपण मुलाच्या खोकल्याचा दोष आइस्क्रीमला देतो.

शेवटी कंटाळून फ्लॅट विकायला काढायचा. अर्थात एप्रिलमध्ये, ताजा रंग मारून. घेणारे बाल्कनीतून व्ह्यू बघतात, मेंटेनन्स विचारतात, किचनचे ड्रॉवर ओढून बघतात. कोपऱ्याला हात कोणी लावत नाही. एखाद्याने लावलाच, तर एजंट तयार असतो: ‘साहेब, कालच मारलाय ना, रंग ओला आहे अजून.’