होम मॅच, व्हाया वसई रोड

वालीवच्या औद्योगिक वसाहतीत क्रिकेट कळणारा माणूस प्रत्येक गाळ्यात किमान एक असतोच. तो नसला तर गाळ्याला लायसन्सच मिळत नसावं. फुटबॉल कळणारे त्या मानाने कमी. त्यातही मेसी-रोनाल्डोला सोडून, लोकलने जाऊन बघता येईल अशा टीमवर जीव लावणारा दहा गल्ल्यांत एखादाच. आमच्या गल्लीत तो आहे. प्लास्टिक मोल्डिंगच्या गाळ्यात सुपरवायझर, वय चाळिशीच्या अलीकडेपलीकडे, आणि सगळे त्याला 'कोच' म्हणतात. शेठसुद्धा. पगारपत्रकावर त्याचं दुसरं काहीतरी नाव आहे, पण ते फक्त अकाउंटंटला ठाऊक.

शाळा सुटल्यापासून कोचने चेंडूला पाय लावलेला नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत पोरांनी गाळ्यामागच्या मोकळ्या जागेत खेळायला फारच आग्रह केला. कोच उठला, टेप घेऊन आला आणि म्हणाला, "गोल नियमाने चोवीस फुटांचा असतो." तेवढी जागा गाळ्यामागे नव्हतीच. मॅच रद्द झाली.

कोचची टीम म्हणजे मुंबई सिटी एफसी. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा तिचं मैदान नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमात होतं. वालीवहून नेरूळ म्हणजे सहलच; जाताना डबा न्यावा लागे. २०१६ मध्ये टीम अंधेरी पश्चिमेच्या क्रीडा संकुलात आली तेव्हा कोचला मुलगी सासरहून माहेरच्या शेजारी राहायला आल्यासारखं वाटलं. तरीही हिशेब करा. पाहुणी टीम बंगळुरूहून विमानात बसते आणि दोन तासांत मुंबईत उतरते. घरचा प्रेक्षक वालीव नाक्यावर शेअर रिक्षा पकडतो, गोखिवऱ्याला ट्रॅफिकमध्ये अडकतो, वसई रोडला पूल चढतो, पूल उतरतो, चर्चगेट लोकल धरतो, अंधेरीला मेट्रो घेऊन आझाद नगरला उतरतो. पाहुण्यांच्या आधी पोहोचला तर नवस फेडावा.

म्हणून कोचची मॅच अंधेरीत कमी आणि वालीवमध्ये जास्त होते. नव्वद मिनिटांचा खेळ, त्याची चर्चा आठवडाभर. मॅच शनिवारी असेल तर सोमवारच्या पहिल्या चहापासून हवा तापायला लागते. "मिडफिल्ड लागणार या वेळी," एवढंच तो सोमवारी बोलतो आणि कटिंग संपवून निघून जातो. दरवेळी मिडफिल्डच लागतं. मंगळवारी दुखापती. कोणाच्या मांडीचा स्नायू आखडलाय, कोणाला पिवळी कार्डं किती झालीत, हे कोचला त्या खेळाडूच्या आईच्या आधी कळतं. बुधवारी तो अकरा जण निवडतो, गुरुवारी त्यांतले तीन बदलतो आणि शुक्रवारी टीमचा खरा कोच वेगळेच खेळवणार म्हणून त्याच्यावर आगाऊ चिडून ठेवतो.

ही निवड कागदावर होते आणि कोचच्या हाताशी कागद एकच असतो, डिलिव्हरी चलनाचा. एकदा चलनाच्या पाठीवर त्याने ४-२-३-१ ची अख्खी मांडणी काढली, बाणांसकट. ते चलन टेम्पोबरोबर भिवंडीला गेलं. तासाभरात तिथल्या स्टोअरकीपरचा फोन. "पुढच्या बाजूला दहा पेट्या लिहिल्यात, मागे अकरा नग दिसतायत. आणि हा छांगते कोण? त्याला डाव्या बाजूने का पाठवलाय?" शेठने फोन कोचकडे दिला. कोचने शांतपणे समजावलं, "तो उजवीकडूनही चालतो."

लालियानझुआला छांगते हे नाव टपरीवर कुणालाही धड म्हणता येत नसे. कोचने ते सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. मिझोरामचा पोरगा, पायात वारा, असं तो सांगतो तेव्हा त्याच्या आवाजात भाच्याचं कौतुक असतं. सख्खा अभिमान मात्र राहुल भेकेचा. मुंबईचा मुलगा, मराठी आडनाव, आणि एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध विजयी हेडर त्याचाच. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेली ती पहिली मॅच. पुढे भेके बंगळुरूला गेला. कोचने ते जावई घर सोडून गेल्यासारखं मनाला लावून घेतलं नाही, एवढंच म्हणाला, "तिकडे हवा चांगली असते."

टपरीवर कोच एकटा नाही, आणि तिथेच खरी मजा आहे. वालीवला गाळे आपल्याकडचे असले तरी माणसं देशभरची. आमचे मल्याळी अकाउंटंट केरळा ब्लास्टर्सचे. एरवी त्यांच्या तोंडून जीएसटीपलीकडे शब्द निघत नाही, पण ब्लास्टर्स अंधेरीला येणार म्हटलं की ते पिवळा शर्ट इस्त्रीला टाकतात. मुंबईत ब्लास्टर्सची मॅच असली की स्टेडियममध्ये एवढा पिवळा रंग दिसतो की घर कुणाचं आणि पाहुणे कोण ते पंचांना विचारावं लागेल. कोच मग २०१६ काढतो, फोर्लानची हॅट्‌ट्रिक, पाच-शून्य. अकाउंटंट ऐकून घेतात. कोच २०१८ काढतो, सहा-एक, एकट्या सुगूचे चार गोल. अकाउंटंट चष्मा पुसतात आणि म्हणतात, "कोच, तुमचा ॲडव्हान्स अजून वळता व्हायचाय." सामना तिथेच संपतो.

पॉलिशिंगच्या गाळ्यात दोन बंगाली आहेत. एक मोहन बागानचा, एक ईस्ट बंगालचा. कोलकाता डर्बीच्या आठवड्यात ते एकमेकांशी बोलत नाहीत, मशीनवरच्या खुणांवर काम भागवतात. मे २०२४ मध्ये सॉल्ट लेकला साठ हजारांवर माणसांसमोर मुंबईने बागानला तीन-एक हरवून कप आणला, तेव्हा दुसऱ्या दिवशी टपरीवर रसगुल्ले कोचने नाही, ईस्ट बंगालवाल्याने वाटले. बागानवाला त्या दिवशी आला नाही. कोचने त्याच्यासाठी दोन रसगुल्ले द्रोणात काढून ठेवले होते. यात दिलदारी किती आणि खोडी किती, मला अजून ठरवता आलेलं नाही.

कोचचा खरा प्रतिस्पर्धी मात्र सांडोरचा. वसई पश्चिमेचा ख्रिस्ती गृहस्थ, टूलरूममध्ये डाय बनवतो, मुंबईत राहून एफसी गोवाचा पाठीराखा. तिकडच्या गावांत फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो, त्यामुळे तो बोलतो कमी. आणि कोचला नेमका हाच प्रकार असह्य होतो. गोव्याची मॅच अंधेरीत असली की कोच इतिहासात शिरतो. "चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई घेतली. गोवा तेवढा राहून गेला. ते अपुरं काम आता आमच्याकडे आलंय." सांडोरवाला डायवरची नजर न काढता विचारतो, "सात-शून्य आठवतं का?" नोव्हेंबर २०१५, फातोर्डा. कोचचा चहा तिथेच गार होतो. "ती होम मॅच नव्हती," एवढंच तो म्हणू शकतो.

पण कोचकडेही एक उतारा आहे. २४ एप्रिल २०२४, सेमीफायनलचा पहिला सामना, तोही फातोर्ड्यालाच. नव्वदावं मिनिट आलं तरी गोवा दोन-शून्यने पुढे. मग छांगते, विक्रम प्रताप आणि पुन्हा छांगते, आणि शिट्टी वाजली तेव्हा मुंबई तीन-दोन. कोच हे तीन गोल असे रंगवून सांगतो की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. वास्तविक अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्याने संतापून फोन बंद केला होता आणि भिंतीकडे तोंड करून झोपला होता, हे त्याच्या बायकोने आमच्या घरी हळदीकुंकवाला सांगितलेलं आहे. सकाळी टपरीवर सांडोरवाला दिसेना तेव्हा कोच म्हणाला, "बिचारा सज्जन आहे, चिडवायला नको म्हणून आला नाही." मग चहावाल्याच्या पोराने स्कोअर सांगितला.

अंधेरीच्या मैदानावर कोचचा एक जुना रागही आहे. जून २०१८, इंटरकॉन्टिनेंटल कप. भारताने चायनीज तैपेईला पाच-शून्यने धुतलं आणि बघायला माणसं अडीच हजारांच्या आसपास. कोच त्यांत होता. दुसऱ्या दिवशी सुनील छेत्रीने हात जोडून व्हिडिओ काढला, या, मैदानात या, आम्हाला शिव्या द्या पण या. देश हलला. चार जूनला केनियाची मॅच, छेत्रीची शंभरावी, सगळी तिकिटं संपलेली. कोच भर पावसात अंधेरीला गेला आणि तिकीट न मिळाल्यामुळे परत आला. "मी नव्हतो आलो त्यांना बोलावलं होतं," असं तो अजून कडवटपणे म्हणतो. हे वाक्य व्याकरणात बसत नाही, पण न्यायात बसतं.

उलट सगळ्यांत सुखाचा मोसम २०२०-२१ चा. कोविडमुळे सगळी लीग गोव्यात, रिकाम्या स्टेडियमांत झाली. फायनलला नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल मारला आणि मुंबईला पहिला कप मिळाला. कोचच्या मते तेवढं एक वर्ष लीग न्याय्य होती. कुलाब्याचा चाहता आणि वालीवचा चाहता मैदानापासून सारखेच लांब.

आता शेठ. शेठ कच्छी, हिशेबाचा पक्का. कोचने मॅचसाठी अर्धा दिवस मागितला की तो एकच प्रश्न विचारतो. "केटला माणस आवे छे?" सात-आठ हजार, भरलं तर. शेठ मनातल्या मनात तिकीट गुणिले माणसं करतो, त्यातून परदेशी खेळाडूंचे पगार वजा करतो आणि विचारतो, "मग धंदा चालतो कसा?" याचं उत्तर कोचकडे कधीच नव्हतं. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी टीमचे ६५ टक्के घेतले तेव्हा मात्र तो महिनाभर ताठ मानेने फिरला. गल्लीतल्या पोरांना सांगायचा, "तुमची मँचेस्टर सिटी ना, आमच्याच घरातली."

मग २०२५ उजाडलं. जुलैमध्ये लीग थांबवून ठेवल्याची बातमी आली. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता आणि पुढचा ठरत नव्हता. डिसेंबरात मँचेस्टरवाल्यांनीही आपला हिस्सा सोडला. शेठ पेढा खाल्ल्यासारखा हसला. टपरीला वाटलं, आता कोच गप्प होईल. चूक. मॅच नाही, वेळापत्रक नाही, कोण खेळेल ठाऊक नाही, आणि कोच सोमवारी म्हणाला, "मिडफिल्ड लागणार." त्याने त्या काळात अशा मॅचची टीम निवडली जी ठरलेलीच नव्हती, आणि गुरुवारी तिच्यात बदलही केले. मालक गेल्याचं विचारलं तर म्हणाला, "मँचेस्टर गेलं असेल, मी आहे ना." जानेवारीत क्रीडामंत्र्यांनी लीग १४ फेब्रुवारीपासून सुरू होणार असं जाहीर केलं, पण एकेरी फेरीची. म्हणजे प्रत्येकाशी एकदाच गाठ, होम मॅच निम्म्या. कोचने गणित मांडलं की मॅच निम्म्या झाल्या तर प्रत्येकीची चर्चा दुप्पट वेळ करता येईल.

मॅचच्या दिवशी कोच ओळखू येत नाही. कंपनीच्या शर्टाच्या आत निळी जर्सी असते आणि गळ्याची पट्टी वर डोकावत असते. दुपारी तीनला मशीनची डाय बदलायची निघते. ती नेमकी त्याच दिवशी निघते. चार वाजता लाइट जाते. महावितरणला फोन करून, सांडोरवाल्याला डाय सोपवून, "आज तू माझ्या बाजूने आहेस" असं त्याच्याकडून उगाचच वदवून घेऊन कोच पाचला रिक्षात बसतो. संध्याकाळी चर्चगेटकडची गाडी रिकामी मिळते. सगळी मुंबई घरी परतत असते आणि हा एकटा घरच्या मैदानाकडे उलटा निघालेला असतो. स्टेडियममध्ये स्टँडमधली पोरं ढोल बडवत नव्वद मिनिटं गातात. कोच गात नाही. तो हाताची घडी घालून बसतो आणि आठवडाभर सांगितलेलं बरोबर निघतंय का ते तपासतो.

खरा सामना त्यानंतर. रात्री दहाच्या सुमाराची विरार लोकल, अंधेरीचा प्लॅटफॉर्म, आणि दारात खांद्याला खांदा लावून उभे दहा जण. त्यातून आत घुसायचं कसब कुठल्याही विंगरला शिकता येईल. वसईला उतरून पूर्वेला आला की शेअर रिक्षा संपलेल्या असतात. स्पेशल करावी लागते.

परवाच्या मॅचनंतर रिक्षावाल्याने जर्सी पाहून सहज विचारलं, "मॅच होती का, दादा? काय झालं?" कोचने मिडफिल्डपासून सुरुवात केली. रेंज ऑफिसपर्यंत पहिला हाफ झाला. गोखिवऱ्याला बदली खेळाडू आले. वालीव नाक्यावर रिक्षावाल्याने मीटरकडे बघून हळूच विचारलं, "दादा, थोडक्यात सांगा, जिंकलो की हरलो?"

"ड्रॉ."

"मग एवढा वेळ?"

"जिंकलो असतो तर रेंज ऑफिसलाच संपलं असतं," कोच सुटे मोजत म्हणाला, "ड्रॉ समजावून सांगायला वेळ लागतो."