हॉल पोर्टलंडचा, पत्ता तुलूजचा

सप्टेंबर 2017. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये उपग्रह दिशादर्शनातल्या जाणकारांची परिषद भरली होती. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये कित्येकांचे फोन एकाएकी सांगू लागले की आपण फ्रान्समधल्या तुलूजमध्ये आहोत आणि महिना आहे जानेवारी 2014. हल्ला वगैरे काही नव्हता. एका स्टॉलवरच्या जीपीएस सिम्युलेटरमधून सिग्नल हवेत गळत होता.

सिम्युलेटर हवाच. रिसीव्हर तपासायला दरवेळी गाडी काढून घाट चढणं परवडत नाही. प्रयोगशाळेत हवा तो रस्ता आणि हवी ती तारीख उभी करता येते. पण तो सिग्नल केबलमधूनच गेला पाहिजे, आणि रिकाम्या पोर्टवर टोपी बसलीच पाहिजे. खरा सिग्नल 20,200 किलोमीटरवरून येतो. एका वॉटचे कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा कोटी भाग करा, आणि त्यातल्याही एकाचा शंभरावा हिस्सा घ्या. आपल्या हाती पोचते ती साधारण एवढी शक्ती. बंदिस्त हॉलमध्ये तीही धड पोचत नाही. तिथे चुकून गळलेला सिग्नलही राज्य करतो.

मला स्टॉलवाल्यापेक्षा फोन बनवणाऱ्यांचा राग जास्त येतो. मोबाइलचा टॉवर पोर्टलंडचा, आसपासचं वायफाय पोर्टलंडचं, स्वतःचं घड्याळ क्षणापूर्वीपर्यंत बरोबर. तरी फोनने साडेतीन वर्षांहून जास्त मागे उडी मारली, अटलांटिक ओलांडला आणि एकदाही शंका घेतली नाही! आणि घड्याळ चुकलं की नुसता नकाशा चुकत नाही. 2014 च्या जानेवारीनंतर निघालेलं प्रत्येक सुरक्षा सर्टिफिकेट अशा फोनला ‘अजून लागू न झालेलं’ दिसतं, आणि ईमेलसुद्धा अडतं.

रिपीटरची गोष्ट वेगळी. छपरावर अँटेना, तिथून केबल, मध्ये अँप्लिफायर, आत दुसरा अँटेना. विमानांच्या हँगरमध्ये किंवा अग्निशमन केंद्रात तो बसवतात, म्हणजे गाडी दाराबाहेर पडताच रिसीव्हर तयार असतो. सिग्नल खरा, पण आतल्या प्रत्येक रिसीव्हरला एकच जागा दिसते: छपरावरच्या अँटेनाची. केबलमधला उशीर सगळ्या उपग्रहांना सारखाच लागतो, म्हणून तो घड्याळात जमा होतो; जागा बदलत नाही. आत काम करणाऱ्यांना हे माहीत असतं. धोका दाराबाहेर आहे. जर्मनीतल्या हॅनोव्हर विमानतळावर 2010 मध्ये हँगरमधल्या रिपीटरचा सिग्नल बाहेर आला आणि जवळच्या विमानांच्या जीपीएसमध्ये गोंधळ झाला. अमेरिकेत सर्वसामान्यांना रिपीटर वापरायला परवानगीच नाही, आणि ते योग्यच आहे.

सिग्नल खरा की बनावट हे ओळखता यावं म्हणून युरोपच्या गॅलिलिओ या उपग्रह दिशादर्शन यंत्रणेने 2025 पासून आपल्या खुल्या सिग्नलवर डिजिटल सही द्यायला सुरुवात केली आहे, तीही फुकट. फोन बनवणाऱ्यांनी ती तपासायला आता कोणाची वाट पाहायची? अर्थात ही सही रिपीटरला अडवणार नाही, कारण तो सहीसकट सगळंच पुढे पाठवतो. तिथे शक्ती बेताची ठेवावी लागते, आणि हँगरची दारं सताड उघडी असताना मीटर घेऊन बाहेर टॅक्सीवेपर्यंत चालत जाऊन गळती मोजावी लागते. परवाना देणाऱ्याने ते आकडे मागितलेच पाहिजेत.