घसारेबहाद्दर

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मध्यमवर्गाने जे नमुने घडवले, त्यांत वडिलांच्या मागे मिळालेला पुण्यातील फ्लॅट भाड्याने देऊन न्यू जर्सीत बसून त्याचा हिशेब ठेवणारा वारस अभ्यासास विशेष योग्य ठरतो. तेराव्याचे पान उठेपर्यंत तो चारचौघांसारखा शोकग्रस्त मुलगा असतो. त्यानंतर मात्र तो नोंदणीकृत मूल्यांककाचा पत्ता शोधू लागतो आणि ‘बाबा गेले त्या दिवशी फ्लॅटचा भाव काय चालला होता?’ असे काकांना इतक्या निर्विकारपणे विचारतो की काका चहा न घेताच उठतात.

प्रश्न निर्दय असला तरी कायद्याला धरून आहे. घसारा आणि पुढे विक्रीवरील नफा ज्या रकमेपासून मोजायचा, ती पायाभूत किंमत अमेरिकी करकायद्यात सामान्यतः मृत्युदिनीच्या बाजारभावाने ठरते. भारतीय कायदा मात्र वारसाला वडिलांच्याच खरेदी किमतीवर उभा करतो, आणि खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असल्यास त्या दिवशीचा बाजारभाव, मुद्रांक मूल्याच्या मर्यादेत, घेण्याची मुभा देतो. त्यामुळे फ्लॅट मृत्यूनंतर लगेच विकला, तर एका देशात भरघोस नफा होतो आणि दुसऱ्या देशात जवळजवळ होतच नाही. या चमत्काराचे वर्णन करताना घसारेबहाद्दराच्या मुद्रेवर जे तेज येते, ते सत्यनारायणाला बसलेल्या यजमानाच्याही मुद्रेवर क्वचितच दिसते.

घसारा म्हणजे वापराने व काळाने वास्तूची होणारी झीज, जी दरवर्षी भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते. अमेरिकेतील भाड्याच्या निवासी घराला यासाठी साडेसत्तावीस वर्षांचे आयुष्य दिलेले आहे. परदेशातील घर २०१८ पासून पुढे भाड्याने लावले असेल, तर ३० वर्षांचे. समजा, १९८८ साली कोथरूडमध्ये २ लाखांना घेतलेल्या फ्लॅटची मृत्युदिनी किंमत १ कोटी २० लाख ठरली आणि त्यातील निम्मी जमिनीच्या वाट्याची धरली, तर उरलेल्या ६० लाखांवर पूर्ण वर्षाचा घसारा २ लाख होतो. म्हणजे वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून उचल काढून घेतलेला अख्खा फ्लॅट चिरंजीव दरसाल कागदावर झिजवून टाकतात. भारतात घरभाड्याच्या उत्पन्नावर घसारा नाहीच. तेथे, दुरुस्तीला दमडी लागो वा न लागो, महापालिकेचा कर वजा जाता उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सरसकट सूट मिळते, आणि ही सूट दुरुस्ती न करण्याबद्दलच मिळते असा त्याचा ठाम समज असतो.

घसारा दाखवण्याचा कंटाळा करणारी एक पोटजातही आढळते. परंतु न दाखवलेला घसाराही विक्रीच्या वेळी घेतलाच असे धरून पायाभूत किंमत कमी केली जाते आणि तेवढ्या नफ्यावर २५ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, हे कळताच ती पोटजात एका रात्रीत मूळ जातीत विलीन होते.

खरी पंचाईत जमिनीची आहे, कारण जमीन झिजत नाही असे कायदा मानतो आणि तिच्यावर घसारा देत नाही. म्हणून एडिसनमधील हिशेबनिसासमोर घसारेबहाद्दर रेडी रेकनरचे तक्ते पसरून जमिनीचा वाटा किरकोळ कसा आहे आणि सगळे मोल बांधकामात कसे आहे, हे पटवून देतो. बाथरूमची भिंत पाझरते अशी तक्रार भाडेकरूने केली की हेच बांधकाम ‘अजून नव्यासारखे’ असते. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत, व्हिडिओवरून सामील होऊन, तो सेक्रेटरींना सुनावतो, ‘साहेब, बिल्डिंगमध्ये आता काही राम नाही, सगळी किंमत खालच्या जमिनीची आहे, बिल्डरकडून जादा कार्पेट घ्याच.’ ठराव मंजूर होतो आणि मग त्याच्या ध्यानात येते की इमारत पाडली जाणार ती घसाऱ्याच्या सहाव्या वर्षी. उरलेल्या चोवीस वर्षांचे काय, असे तो हिशेबनिसाला त्याच रात्री कळवतो. हिशेबनीस विवरणपत्रासाठी ऑक्टोबरपर्यंतची मुदतवाढ मागून घेतो.