कवेलू उतरवलेत, आता टेप दाखवा

जबलपुरातल्या ग्वारीघाटच्या चढावरल्या त्या जुन्या घराचे नवे मालक यांस,

तुमचं नाव लिहीत नाही. जिथे परवान्याचा क्रमांक आणि मंजूर मजल्यांची पाटी हवी, तिथे तुम्ही हिरवं कापड ताणलंय आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘नर्मदे हर’ लिहिलंय. पत्ता कळेना म्हणून पत्र उघड्यावर पाठवतो आहे. ‘सप्रेम नमस्कार’ मुद्दाम गाळला आहे. त्या घराचा ओटा फोडलात, त्या दिवसापासून तुमच्यासाठी तो हातून लिहवत नाही.

तुम्ही काय केलंत ते साऱ्या घाटाने पाहिलं. कागदावर मागितलीत दुरुस्ती. दुरुस्तीच्या नावाने ऐन जेठात कवेलू उतरवलेत आणि पावसाळाभर भिंती उघड्या ठेवल्यात. चुन्यात बांधलेली भिंत चार महिने पाणी प्याली की फुगते, हे तुमच्या मिस्त्रीला ठाऊक होतं आणि तुम्हालाही. दिवाळी उलटली तशी तीच भिंत ‘धोकादायक’ ठरली आणि एका सकाळी जेसीबी आला. आता तिथे तुमच्या हॉटेलाचे कॉलम उभे आहेत, आणि वर काढून ठेवलेल्या सळया सांगताहेत की काम दोन मजल्यांवर थांबणार नाही. कुणी विचारलं की उत्तर तयार असतं: इथे आधीपासून घर होतंच की! म्हणजे घर जुनं होतं म्हणून पाडलंत, आणि ते होतं म्हणूनच नवं बांधताय. मेलेल्या माणसाच्या कार्डावर रेशन उचलणारे असतात, तुम्ही त्यांच्यातले.

त्या घरामागे लपण्याची गरज तुम्हाला का पडली, तेही लिहितो. नर्मदेपासून तीनशे मीटरच्या आत नवं बांधकाम होऊ नये म्हणून या गावातली माणसं वर्षानुवर्षं उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढली आहेत. ग्वारीघाट, जिलहरीघाट, तिलवाराघाट, भेडाघाट ही नावं त्या प्रकरणांच्या कागदांत पुन्हा पुन्हा येतात. आणि सगळा वाद येऊन अडतो तो तीनशे मीटर मोजायचे कुठून यावर. पुराचं पाणी जास्तीत जास्त जिथवर चढतं तिथून, की एरवी जो काठ दिसतो तिथून? कागदावर हा फरक चार शब्दांचा दिसतो. चढावर तो अख्ख्या मोहल्ल्याचा असतो.

तुमचा टेप उन्हाळ्यातल्या काठावरून लागला असणार, कारण तेव्हा नदी पायऱ्यांच्या खाली असते आणि माणसाला वाटतं, केवढी जागा मोकळी पडली आहे! श्रावण-भादव्यात येऊन मोजा. वर बरगी धरण आहे, त्याला एकवीस दरवाजे आहेत. त्यातले काही उघडले की इथे घाटाच्या पायऱ्या जातात, प्रसादाच्या टपऱ्या जातात, नदीतल्या नर्मदामाईच्या मंदिराला पाणी वेढून वर चढतं, आणि नावाडी नावा ओढून रस्त्याच्या कडेला बांधतात. त्या वेळी काठ कुठे असतो ते घाटावरचं शेंबडं पोरही दाखवील.

हे त्या घराला कळत होतं. ते बांधणाऱ्याजवळ ना नकाशा होता, ना विकास आराखडा. पण त्याने ओटा पुरुषभर उंच घेतला. खालचं दालन मुद्दाम रिकामं सोडलं. तिथे लाकूडफाटा, गोवऱ्या, फार तर नावेची वल्ही. पाणी आलं तर तिथवर येईल, चार दिवस बसेल आणि निघून जाईल, असा हिशेब. राहत्या खोल्या वर, धान्याच्या कोठ्या त्याहून वर. ओट्याच्या काळ्या दगडांवर पुराच्या रेघा होत्या, एकीवर एक, गाळाने कोरलेल्या. सगळ्यात वरच्या रेघेच्या वीतभर वर उंबरठा होता. तुमच्या जेसीबीने पहिला घाव तिथेच घातला. नदी कुठवर येते याचा खरा पुरावा ग्वारीघाटावर कुठे असेल तर तो त्या दगडांत होता, आणि मला पक्कं वाटतं, तो नकोच होता तुम्हाला.

त्या ओट्यावर आणखी एक गोष्ट चालायची. परिक्रमेतली माणसं नदी उजव्या हाताला ठेवून चालतात, कुठेही पात्र ओलांडत नाहीत, रात्री जिथे आसरा मिळेल तिथे आसन लावतात. नाशिक, पुणे, सोलापूरकडची कितीतरी मराठी माणसं दर वर्षी अशी इथून जातात. काठी, कमंडलू, पाठीवर घोंगडी. त्या घरातून त्यांना सदावर्त मिळायचं: पीठ, डाळ, मीठ, दोन मिरच्या. मराठीत ‘या, बसा’ म्हणणारी म्हातारी दारात दिसली की थकलेल्या माणसाचा चेहरा कसा उजळतो ते मी पाहिलं आहे. 1817 साली जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेलं. मराठी घरं मात्र इथेच राहिली, नोकऱ्यांच्या निमित्ताने नवी येत गेली, आणि त्यांच्यातली काही नदीकाठी अशी दारं उघडी ठेवून जगली. तुमच्या हॉटेलात नदीकडच्या खोलीचा दर वेगळा असेल. ज्याच्या झोळीत पैसाच नाही त्याला तुमचा वॉचमन काय सांगणार, ते आताच ऐकू येतंय.

घर विकणाऱ्या भावंडांना मी बोल लावत नाही. एक पुण्याला, एक परदेशी, मागे उरलेल्या म्हाताऱ्या काकू. गळक्या छपराखाली त्यांनी बादल्या लावल्या, परवानगीसाठी अर्ज केले, खेटे घातले. साधे वासे बदलायला त्यांना नदीजवळ असल्याचा नियम दाखवला गेला. तुम्हाला त्याच जागेवर कॉलम उभे करता आले. या नियमाचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे, आणि ते मी लपवणार नाही: ज्याला घर टिकवायचं आहे तो अडकतो आणि ज्याला ते उडवायचं आहे तो सुटतो. मुंबईने 1995 मध्येच वारसा नियमावली केली. यादीतल्या इमारतीच्या मालकाला जे चटईक्षेत्र तिथे वापरता येत नाही, ते टीडीआर म्हणून दुसरीकडे विकण्याची वाट दिली. त्यातही पळवाटा निघाल्या, खोताच्या वाडीतली जुनी घरं तिथेही पडलीच. पण निदान मालकाच्या हाती काही पडण्याची सोय झाली. काकूंच्या हाती असं काही पडलं असतं, तर तुमच्या ब्रोकरला त्या दारात उभं राहायला जागा मिळाली नसती.

तुमचे वकील म्हणतील, घर कोणत्या यादीत होतं? नव्हतं. भेडाघाटचं चौसष्ट योगिनी मंदिर संरक्षित आहे, त्याच्या भोवती शंभर मीटरमध्ये बांधायला बंदी आहे. भेडाघाट-लमेटाघाटचं नाव 2021 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेलं, त्याचा आनंद आम्हा सगळ्यांना आहे. पण ग्वारीघाटच्या राहत्या घरांकडे कोणी वही घेऊन आलंच नाही. नदीचं मोल कळतं ते काय फक्त संगमरवराच्या कड्यांवरून? 2017 मध्ये मध्य प्रदेश विधानसभेने नर्मदेला जिवंत मानण्याचा ठराव केला. जिवंत माणसाच्या अंगणात भिंत घालताना निदान त्याला विचारतात.

उमाघाटावरच्या संध्याकाळच्या महाआरतीत तुम्ही पुढच्या रांगेत असता, मी पाहतो. त्या भक्तीवर मी शंका घ्यावी असं तुम्ही काहीही ठेवलेलं नाही, एक सोडून: तुमच्या चोवीस संडास-बाथरूमचं पाणी कुठे जाणार? हे आरती करणाऱ्या गुरुजींना त्यांच्या तोंडावर सांगून दाखवा.

आता मागणी. हिरवं कापड काढा आणि मंजूर नकाशा फाटकावर लावा. दुरुस्तीची परवानगी होती, तर तिच्यात किती मजले लिहिले आहेत ते सगळ्यांना वाचू द्या. टेप आणा, पुराच्या पातळीपासून धरू, तुम्ही एक टोक धरा, दुसरं घाटावरचा कुठलाही नावाडी धरील. ओट्याचे दगड अजून मागच्या गल्लीत रचून ठेवले आहेत, ते भरावात जाऊ देऊ नका. रेघा असलेले दगड बाजूला काढून द्या, ते न्यायालयात दाखवता येतील. आणि पुढे आलेल्या सळया कापा.

तक्रारीची एक प्रत नगर निगमला आणि एक नगर तथा ग्राम निवेश कार्यालयाला दिली आहे. दोन्हींच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत, आणि कवेलू उतरवण्याच्या आधीचे घराचे फोटोही, तारखांसह.

— ग्वारीघाटचा एक मराठी रहिवासी